वाचकांचे प्रश्न: सामाईक कॉन्टेक्स्टवर विसंबून असलेल्या कंपोनंटची चाचणी

गेल्या अंकात आम्ही युनिट टेस्टविषयी, म्हणजे कोडचा एक छोटा भाग स्वतंत्रपणे तपासणाऱ्या चाचण्यांविषयी, प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच नागपुरातील आहेत आणि बहुतेकांचा रोख एकाच अडचणीकडे आहे. वेबपाने बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्टमधील एखादा कंपोनंट, म्हणजे पडद्याचा एक सुटा भाग, स्वतःपुरता नीट लिहिलेला असतो. परंतु भाषा, लॉगिन, आजची तारीख यांसारखी माहिती तो प्रॉपमधून (थेट हाती दिलेल्या मूल्यांतून) न घेता वरच्या कॉन्टेक्स्टमधून (खालच्या सर्व कंपोनंटना सामाईक माहिती पोहोचवणाऱ्या वाटेने) घेतो, आणि म्हणूनच त्याला एकट्याने तपासणे जड जाते. पत्रलेखकांची नावे येथे दिलेली नाहीत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी नागपूरच्या गायत्रीनगर आयटी पार्कमधील एका लहान कंपनीत काम करतो. आम्ही संत्रा बागायतदारांसाठी एक संकेतस्थळ बनवत आहोत. त्यातील ‘भावफलक’ हा कंपोनंट कळमना बाजारातील दिवसाचे भाव दाखवतो. कोणत्या भाषेत दाखवायचे, हे तो भाषेच्या कॉन्टेक्स्टमधून वाचतो. ‘भाव नोंदवा’ हे बटण कोणाला दाखवायचे, हे लॉगिनच्या कॉन्टेक्स्टमधून वाचतो. चाचणीत हा कंपोनंट एकटा रेंडर केला, म्हणजे पडद्यावर उभा केला, की नल म्हणजे रिकाम्या मूल्यातून ‘भाषा’ वाचता येत नाही, अशी त्रुटी येते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कॉन्टेक्स्ट वाचणारा हूक (कंपोनंटमधून बोलावले जाणारे खास फंक्शन) मॉक करण्यास, म्हणजे त्याच्या जागी नकली ठेवण्यास, सांगितले. दुसऱ्याने कंपोनंटभोवती प्रोव्हायडर, म्हणजे कॉन्टेक्स्टचे मूल्य खाली पुरवणारा कंपोनंट, गुंडाळण्यास सांगितले. कोणाचे ऐकावे?

उत्तर: दुसऱ्या सहकाऱ्याचे ऐकावे, असे माझे मत आहे. पहिल्यांचा सल्ला कोठून आला, हे मात्र जाणून घेण्यासारखे आहे, कारण एके काळी तोच व्यवहार्य होता.

आज आपण वापरतो तो कॉन्टेक्स्ट रिअ‍ॅक्टच्या १६.३ या आवृत्तीत, मार्च २०१८ मध्ये आला, आणि तो फंक्शन कंपोनंटमध्ये थेट वाचण्याची सोय देणारे हूक १६.८ मध्ये, फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. त्या काळात चाचण्यांसाठी एअरबीएनबीने तयार केलेले एन्झाइम हे साधन अनेक जण वापरत असत आणि त्यातील ‘शॅलो’ म्हणजे उथळ रेंडरिंगचा मोठा प्रसार होता. या पद्धतीत फक्त तपासायचा कंपोनंट एक पातळी खोल रेंडर होतो. त्याच्या वर कंपोनंटांचे खरेखुरे झाड नसते, त्यामुळे वर प्रोव्हायडर ठेवून हूकला मूल्य पोहोचवण्याची सरळ वाट उरत नसे. मग लोक हूकच मॉक करू लागले आणि तीच सवय पुढच्या नोकरीत, पुढच्या प्रकल्पात गेली. पुढे एन्झाइमला रिअ‍ॅक्ट १७ साठी अधिकृत अ‍ॅडॉप्टर मिळाला नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १९ ने टेस्ट रेंडरर हे पॅकेजही कालबाह्य ठरवले. आज तुम्ही बहुधा रिअ‍ॅक्ट टेस्टिंग लायब्ररी वापरत असाल. ती जेएसडॉमसारख्या कृत्रिम डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरमधील पानाच्या नकली रचनेत, पूर्ण झाड उभे करते. वर प्रोव्हायडर ठेवता येतो, म्हणजे हूक मॉक करण्याचे मूळ कारणच संपले आहे.

कारण संपले तरी दोष उरतात. समजा, भाषेच्या हूकचा मॉक ‘भाषा’ आणि ‘भाषाबदला’ अशा दोन किल्ल्या असलेला ऑब्जेक्ट परत करतो. चार महिन्यांनी कोणीतरी प्रोव्हायडर सुधारतो आणि या दोन्ही किल्ल्या ‘पसंती’ नावाच्या एका ऑब्जेक्टच्या पोटात हलवतो. भावफलक दुरुस्त करायचा राहून जातो. संकेतस्थळ कोसळते, पण चाचणी हिरवीच राहते, कारण मॉक अजून जुनाच आकार देत असतो. मूल्यांचे प्रकार (टाइप) आधीच तपासणारी टाइपस्क्रिप्ट यातून काही वेळा वाचवते. मात्र मॉकचे टाइप बहुधा सैल ठेवलेले असतात, आणि घात नेमका तेथेच होतो. याहून धोकादायक प्रकार म्हणजे रिअ‍ॅक्टचा स्वतःचा, कॉन्टेक्स्ट वाचणारा यूजकॉन्टेक्स्ट हा हूक मॉक करणे. तुमचा भावफलक दोन कॉन्टेक्स्ट वाचतो. मॉकला कोणता कॉन्टेक्स्ट मागितला आहे, हे तपासण्याची तसदी घेतली नाही, तर दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट जातो. शिवाय आत एखादी राउटरची लिंक असेल, तर तिलाही तोच मिळतो आणि ती कोठून मोडली, हे शोधण्यात दुपार जाते. चाचण्या चालवणाऱ्या जेस्ट या साधनात मॉड्यूलचा मॉक फाइलच्या माथ्यावर उचलला जातो आणि साऱ्या फाइलला लागू होतो, म्हणून एका चाचणीत मराठी आणि दुसरीत हिंदी हवी असली की कसरत सुरू होते.

आता प्रोव्हायडरकडे येऊ. ‘प्रोव्हायडर गुंडाळा’ हे सांगणे सोपे आहे, परंतु त्यात तीन निरनिराळे पर्याय दडलेले आहेत आणि निवड डोळसपणे करावी लागते.

पहिला पर्याय म्हणजे कॉन्टेक्स्टचा मूळ प्रोव्हायडर थेट वापरून त्याला हाताने लिहिलेले मूल्य देणे: भाषा मराठी, वापरकर्ता बागायतदार. येथे प्रोव्हायडरमधले तुमचे तर्कशास्त्र चालत नाही, केवळ मूल्य खाली पोहोचते. एखाद्या स्थितीत फलक कसा दिसतो, एवढाच प्रश्न असेल तेव्हा हा पर्याय पुरेसा आणि वेगवान आहे. हूकच्या मॉकपेक्षा तो बरा, कारण मूल्याचा टाइप कॉन्टेक्स्टच्या टाइपशी जुळवला जातो आणि आकार बदलला की कंपायलर ओरडतो.

दुसरा पर्याय म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेला प्रोव्हायडर कंपोनंट त्याच्या स्टेटसह वापरणे आणि आरंभीची स्थिती प्रॉपमधून देणे. भाषा बदलण्याच्या बटणावर क्लिक केल्यावर फलकाचे शीर्षक बदलते का, हे तपासायचे असेल तर हाच मार्ग आहे. पहिल्या पर्यायात ‘भाषाबदला’ हे फंक्शन नकली असते; ते बोलावले गेले, एवढेच कळते, फलक बदलला की नाही ते कळत नाही. आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून दिसते की बहुतेक जण येथेच अडतात: फंक्शन बोलावले गेल्याची खात्री करून थांबतात आणि पडदा तपासत नाहीत.

तिसरा पर्याय म्हणजे अ‍ॅपचे सगळे प्रोव्हायडर एकत्र गुंडाळणे. काही मोजक्या चाचण्यांना तो हवाच, कारण प्रोव्हायडरांच्या क्रमातील चुका इतरत्र सापडत नाहीत. लॉगिनचा प्रोव्हायडर आत भाषेचा कॉन्टेक्स्ट वाचत असेल, तर भाषेचा प्रोव्हायडर त्याच्या बाहेर असावा लागतो. परंतु प्रत्येक चाचणी याच मार्गाने गेली तर ती युनिट टेस्ट राहत नाही.

तुमच्या भावफलकासाठी मी मुख्यतः दुसरा पर्याय निवडेन आणि दिसण्याच्या निरनिराळ्या स्थितींसाठी पहिला. ही उभारणी पुन:पुन्हा लिहावी लागू नये म्हणून स्वतःचे एक रेंडर फंक्शन करून ठेवावे. टेस्टिंग लायब्ररीच्या रेंडरला ‘रॅपर’ हा पर्याय देता येतो, तोच त्यात वापरावा. मात्र या फंक्शनच्या पोटात काय लपवायचे, याची काळजी घ्या. मी अनेक ठिकाणी असे पाहिले आहे की त्यात गृहीत वापरकर्ता म्हणून प्रशासक बसवलेला असतो. लिहिताना ते सोयीचे वाटते. पण मग चारशे चाचण्या नकळत प्रशासकाच्या नजरेतून लिहिल्या जातात आणि साध्या बागायतदाराला काय दिसते, हे कोणीच तपासलेले नसते. गृहीत स्थिती शक्य तितकी अधिकारहीन ठेवावी: लॉगिन नसलेला पाहुणा. ज्या चाचणीला अधिकार हवा, तिने तो आपल्या पहिल्या ओळीत उघडपणे मागावा.

आणखी एक बारकावा. रॅपर प्रत्येक पुनर्रेंडरला पुन्हा लावला जातो, परंतु चाचणीच्या मध्येच रॅपरला नवे प्रॉप देण्याची सोय त्यात नाही. चाचणी सुरू असताना कॉन्टेक्स्टचे मूल्य बदलायचे असेल तर एकतर वापरकर्ता बदलतो तसे, बटण दाबून बदलावे, किंवा रॅपर सोडून प्रोव्हायडरसह पूर्ण झाड हाताने पुन्हा रेंडर करावे. मला पहिले आवडते. त्यासाठी क्लिकसारख्या कृती घडवणाऱ्या यूजर इव्हेंट लायब्ररीच्या १४ व्या आवृत्तीपासून आधी सेटअप करून प्रत्येक कृतीपुढे अवेट (कृती संपेपर्यंत थांबण्याची सूचना) लावावे लागते. तो विसरला की चाचणी कधी पास, कधी फेल असा खेळ सुरू होतो.

‘भाव नोंदवा’ हे बटण पाहुण्याला दिसत नाही, याची चाचणी लिहिताना सावध राहा. भाव सर्व्हरवरून येत असतील, तर पहिल्या क्षणी पडद्यावर फक्त ‘थांबा’ असते आणि त्या क्षणी कोणतेच बटण नसते. बटण नाही, एवढे तपासणारी चाचणी तेव्हा पास होईल. कंपोनंटमध्ये अधिकाराची अट लिहिलीच नसेल तरीही होईल. म्हणून आधी भावांची ओळ दिसेपर्यंत थांबा आणि मगच बटणाची अनुपस्थिती तपासा.

मॉक सर्वस्वी वर्ज्य आहे, असे मी म्हणत नाही. सीमारेषा कोठे आखायची, एवढाच प्रश्न आहे. ती अ‍ॅपच्या कडेला असावी: नेटवर्क, घड्याळ, लोकल स्टोअरेज (ब्राउझरमधील साठा), नकाशाची किंवा पेमेंटची बाहेरची लायब्ररी. लॉगिनचा प्रोव्हायडर सर्व्हरला विचारत असेल तर विनंती अडवून ठरावीक उत्तर द्यावे. मॉक सर्व्हिस वर्करसारखे साधन हे काम चांगले करते. प्रोव्हायडर, हूक आणि कंपोनंट हे तिन्ही तुमच्याच घरचे आहेत. त्यांना एकमेकांशी खरेपणाने बोलू द्यावे.

प्रश्न: मी अंबाझरी परिसरात राहणारी, अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. कॉन्टेक्स्ट तयार करणाऱ्या क्रिएटकॉन्टेक्स्ट या फंक्शनला जे आरंभीचे मूल्य देता येते, त्यातच एक पूर्ण नकली ऑब्जेक्ट भरून ठेवला, तर चाचणीत प्रोव्हायडरची गरजच पडत नाही, असे माझ्या लक्षात आले. प्रकल्पात असे करावे का?

उत्तर: तुमचे निरीक्षण अचूक आहे. वर एकही प्रोव्हायडर नसेल तेव्हाच ते आरंभीचे मूल्य वापरले जाते. प्रोव्हायडर असून त्याला चुकून ‘अनडिफाइंड’ दिले गेले, तर आरंभीचे मूल्य मदतीला येत नाही. अनडिफाइंडच खाली पोहोचते. हा फरक बहुतेकांना पहिल्यांदा चकवतो.

तरीही तुमच्या युक्तीचा मला धोका वाटतो. नकली ऑब्जेक्टमध्ये ‘लॉगआउट’ नावाचे रिकामे फंक्शन असेल आणि एखाद्या पानावर प्रोव्हायडर लावायचा राहून गेला, तर वापरकर्ता ‘बाहेर पडा’ हे बटण दाबत राहील, काहीही होणार नाही आणि कन्सोलवर एक अक्षरही उमटणार नाही. चाचण्या पास होतील, कारण त्यांनाही तेच रिकामे फंक्शन पुरेसे होते. सायबर कॅफेत किंवा सेतू केंद्रात बसून लॉगिन केलेल्या माणसासाठी ही गंभीर चूक आहे.

त्याऐवजी आरंभीचे मूल्य नल ठेवा आणि कॉन्टेक्स्ट वाचणारा स्वतःचा हूक लिहा. नल मिळाले तर त्या हूकने ‘हा हूक लॉगिन प्रोव्हायडरच्या आतच वापरावा’ अशी स्पष्ट त्रुटी फेकावी. टाइपस्क्रिप्टलाही त्यामुळे पुढे मूल्य नल नाही, हे कळते. या त्रुटीची एक चाचणी अवश्य लिहा. ती चालताना रिअ‍ॅक्ट कन्सोलवर लाल मजकूर ओतते, म्हणून तेवढ्या चाचणीपुरते कन्सोलचे एरर फंक्शन गप्प करावे आणि चाचणी संपताच पूर्ववत करावे. सगळ्या फाइलसाठी गप्प करून ठेवले, तर दुसऱ्या खऱ्या इशाऱ्यांनाही तुम्ही मुकाल.

थीमसारख्या निरुपद्रवी गोष्टीसाठी मात्र आरंभीचे खरे मूल्य ठेवण्यास हरकत नाही. रंग उजळ दिसला म्हणून कोणाचे खाते उघडे राहत नाही.

प्रश्न: आमच्या प्रत्येक चाचणीला एकेकटे चालवले तर ती पास होते, सगळ्या एकत्र चालवल्या की दोन-तीन फेल होतात, आणि दर वेळी त्याच फेल होतील असेही नाही. कॉन्टेक्स्टमधले मूल्य एका चाचणीतून दुसरीत गळत असावे, असा आमचा कयास आहे. कॉन्टेक्स्ट रीसेट कसा करावा? (मानकापूर आणि हिंगणा मार्ग येथील दोन पत्रे)

उत्तर: कयास अर्धा बरोबर आहे. काहीतरी गळते आहे खरे; पण कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट स्वतः तुमचे मूल्य साठवून ठेवत नाही. मूल्य झाडातल्या प्रोव्हायडरपाशी असते, आणि झाड उतरवले की ते जाते. म्हणून कॉन्टेक्स्ट रीसेट करण्याचा प्रश्नच येत नाही; त्याच्या मागे कोण उभे आहे, ते शोधावे लागते.

झाड खरोखर उतरते का, हे आधी पाहा. टेस्टिंग लायब्ररी प्रत्येक चाचणीनंतर आपोआप सफाई करते, पण त्यासाठी तिला प्रत्येक चाचणीनंतर चालणारे जागतिक ‘आफ्टरईच’ फंक्शन सापडावे लागते. जेस्टमध्ये ते असते. चाचण्या चालवणाऱ्या व्हीटेस्ट या दुसऱ्या साधनात ग्लोबल्स हा पर्याय सुरू केला नसेल तर ते नसते, आणि मग जुने झाड तसेच पडद्यावर राहते. पुढच्या चाचणीला ‘भाव नोंदवा’ या नावाची दोन बटणे सापडतात. सेटअपच्या फाइलमध्ये सफाई हाताने बोलावली की हा प्रकार थांबतो.

त्यानंतर मॉड्यूलच्या पातळीवर तयार केलेल्या वस्तू तपासा. क्वेरी क्लायंट (सर्व्हरवरून आणलेली माहिती सांभाळणारा) किंवा रिडक्सचे स्टोअर (अ‍ॅपची सामाईक स्थिती ठेवणारे) फाइलच्या वरच्या बाजूला एकदाच तयार करून सगळ्या चाचण्यांनी वापरले असेल, तर पहिल्या चाचणीत आलेले भाव दुसरीच्या कॅशमध्ये हजर असतात. प्रत्येक चाचणीसाठी नवा क्लायंट, नवे स्टोअर, हा नियम रेंडरच्या मदतनीस फंक्शनमध्येच घालून ठेवावा. टॅनस्टॅक क्वेरी वापरत असाल तर त्या क्लायंटमध्ये पुनर्प्रयत्न बंद करा. एरवी फेल झालेली विनंती ती तीन वेळा, वाढत्या अंतराने पुन्हा करते, आणि त्रुटीचा संदेश तपासणारी तुमची चाचणी त्याआधीच वेळ संपून कोसळते.

लोकल स्टोअरेज हा तिसरा संशयित. जेस्टमध्ये प्रत्येक फाइलला नवे वातावरण मिळते, प्रत्येक चाचणीला नाही. भाषेचा प्रोव्हायडर निवडलेली भाषा तेथे लिहून ठेवत असेल, तर एकीने हिंदी निवडली की त्याच फाइलमधील पुढची हिंदीतच सुरू होते.

गळती शोधताना काही जण प्रत्येक चाचणीपूर्वी सगळी मॉड्यूल पुन्हा लोड करतात. येथे नवा घोटाळा उभा राहतो. रिअ‍ॅक्ट कॉन्टेक्स्टची जुळणी नावावरून करत नाही, ऑब्जेक्टच्या ओळखीवरून करते. प्रोव्हायडर जुन्या मॉड्यूलमधला आणि हूक नव्या मॉड्यूलमधला असेल, तर दोन्हींच्या लेखी कॉन्टेक्स्ट वेगवेगळे असतात. प्रोव्हायडर डोळ्यांसमोर असताना हूक ‘प्रोव्हायडर नाही’ म्हणून ओरडतो. एकाच पॅकेजच्या दोन प्रती इन्स्टॉल झाल्या, तरीही हेच होते. मोनोरेपोत, म्हणजे अनेक पॅकेजे एकाच कोडसाठ्यात ठेवून, काम करणाऱ्यांनी हे लक्षण ओळखून ठेवावे.

एकदा दुरुस्ती झाली की चाचण्यांचा क्रम मुद्दाम यादृच्छिक करून चालवा. दोन्ही साधनांत तशी सोय आहे.

प्रश्न: मी मनीषनगरला राहते आणि घरून रात्रीच्या पाळीत काम करते. आमच्या अ‍ॅपमध्ये आजची तारीख एका कॉन्टेक्स्टमधून सगळीकडे जाते आणि फलक कळमना बाजारातील फक्त आजचे व्यवहार दाखवतो. ही चाचणी दिवसा पास होते, मध्यरात्रीनंतर माझ्या लॅपटॉपवर फेल होते आणि सर्व्हरवर कधीच फेल होत नाही. सहकारी म्हणतात की झोप पुरी करा.

उत्तर: सहकाऱ्यांना सांगा की तुमचा लॅपटॉप बरोबर आहे. चाचणीत अपेक्षित तारीख बहुधा टूआयएसओस्ट्रिंग या फंक्शनची पहिली दहा अक्षरे घेऊन काढली असावी. ते फंक्शन नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे, म्हणून रात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात यूटीसीची तारीख आपल्या एक दिवस मागे असते. कॉन्टेक्स्ट स्थानिक तारीख देतो, चाचणी यूटीसीची अपेक्षा करते, आणि दोन्ही फक्त त्या साडेपाच तासांत विसंगत होतात. सर्व्हर यूटीसीवर चालत असल्यामुळे तेथे स्थानिक तारीख आणि यूटीसीची तारीख एकच असते आणि चूक कायम झाकलेली राहते.

खरा प्रश्न चाचणीच्याही पलीकडचा आहे. बाजाराचा दिवस कोणाचा? एखादा व्यापारी दुबईहून फलक पाहत असला तरी कळमन्याचा आजचा दिवस नागपूरच्या घड्याळानेच ठरायला हवा. म्हणून तारखेच्या प्रोव्हायडरने ब्राउझरची स्थानिक वेळ न घेता ‘एशिया/कोलकाता’ हे क्षेत्र स्पष्टपणे सांगून तारीख काढावी, आणि ‘आत्ताची वेळ’ देणारे फंक्शन प्रॉप म्हणून स्वीकारावे. चाचणीत त्याला एक ठरावीक क्षण द्यावा. तो क्षण दुपारचा निवडू नका. १४ नोव्हेंबरची पहाट, नागपूरच्या घड्याळात २ वाजलेले, म्हणजे यूटीसीत १३ नोव्हेंबरचे २०:३०, असा अडचणीचा क्षण निवडा आणि फलकावर १४ तारीख दिसते का, ते पाहा. ही चाचणी यूटीसीवरील सर्व्हरवरही चूक पकडेल.

प्रॉप वाढवायचा नसेल तर खोटे टायमर वापरून घड्याळ थांबवता येते. मात्र सगळे टायमर खोटे केले की यूजर इव्हेंटची क्लिक पुढे सरकत नाही, कारण ती आतून टायमरवर विसंबून असते. टायमर पुढे ढकलण्याचे फंक्शन तिला सेटअपमध्ये द्यावे लागते. नाहीतर केवळ तारीख तेवढी खोटी करावी.

प्रश्न: भाषेचा कॉन्टेक्स्ट मराठी केला की फलकावर १,२५,००० असे देवनागरी अंक येतात, हिंदी केला की रोमन अंक येतात, आणि चाचण्या फेल होतात. ही लायब्ररीतली चूक आहे का? (धरमपेठ)

उत्तर: चूक नाही. भाषांच्या संकेतांचा जो सामाईक संग्रह ब्राउझर आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) वापरतात, त्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी आणि हिंदीसाठी रोमन असे नोंदलेले आहे. मराठीतही रोमन अंक हवे असतील तर लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या संकेताच्या) नावाला लॅटिन अंकांची जोड देता येते. तो निर्णय तुमच्या ग्राहकाने घ्यावा. चाचणीत अपेक्षित मजकूर ‘१,२५,०००’ असा अक्षरशः लिहावा. तोच आकडा त्याच फॉरमॅटरमधून काढून त्याच्याशीच तुलना केली, तर लोकेल चुकले तरी दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. नोडची १३ पूर्वीची आवृत्ती कोठे पडून असेल तर ती बदला. तेव्हाच्या सामान्य बांधणीत फक्त इंग्रजीची माहिती असे आणि मराठी मागितली तरी इंग्रजीच मिळत असे.

प्रश्न: कॉन्टेक्स्ट बदलला की किती कंपोनंट पुन्हा रेंडर होतात, ते मोजणारी चाचणी लिहावी का?

उत्तर: सहसा लिहू नये. प्रोव्हायडर दर रेंडरला नवा ऑब्जेक्ट देत असेल तर तो कॉन्टेक्स्ट वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतात आणि मेमोने (प्रॉप तेच असतील तर रेंडर टाळणाऱ्या सोयीने) ते थांबत नाही, हे खरे. परंतु त्याचा उपाय मूल्य यूजमेमोत (तेच मूल्य जपून ठेवणाऱ्या हूकमध्ये) ठेवणे किंवा कॉन्टेक्स्टचे तुकडे करणे हा आहे, आणि तो प्रोफाइलरमध्ये पाहून करावा. रेंडरची संख्या चाचणीत गोठवली, तर निरुपद्रवी सुधारणाही लाल दिव्याने अडतील.

प्रश्न: एका कंपोनंटच्या चाचणीसाठी सहा प्रोव्हायडर लावावे लागतात. हे साहजिक आहे का? आणि आमचा दुसरा गट व्ह्यू ही दुसरी लायब्ररी वापरतो, त्यांना यातले काय लागू पडते? (सदर)

उत्तर: सहा प्रोव्हायडर लागत असतील तर चाचणीऐवजी कंपोनंटकडे पाहा. त्यातला जो भाग केवळ दाखवण्याचे काम करतो, तो वेगळा काढून भाव, भाषा आणि अधिकार प्रॉपमधून द्यावेत. त्याच्या चाचण्यांना एकही प्रोव्हायडर लागणार नाही. बाहेरचा, कॉन्टेक्स्ट वाचणारा कंपोनंट मग इतका पातळ होतो की त्याला दोन-तीन चाचण्या पुरतात. मात्र एकाच कॉन्टेक्स्टवर विसंबून असलेल्या वीस ओळींच्या कंपोनंटची अशी फाळणी केवळ चाचणीसाठी करू नये. वाचणाऱ्याला एकाऐवजी दोन फाइली उघडाव्या लागतात आणि हाती काही येत नाही.

व्ह्यूमध्ये ‘प्रोव्हाइड’ आणि ‘इंजेक्ट’ ही जोडी हेच काम करते. व्ह्यू टेस्ट युटिल्समध्ये माउंट करताना ‘ग्लोबल’ या पर्यायातील ‘प्रोव्हाइड’मध्ये मूल्ये द्यावीत. किल्ली सिम्बॉल (जावास्क्रिप्टमधील एकमेव ओळखीचे मूल्य) असेल तर तोच सिम्बॉल मूळ फाइलमधून आयात करावा, त्याच नावाचा नवा करू नये. कॉन्टेक्स्टच्या दोन प्रतींविषयी वर जे लिहिले, ते येथेही लागू पडते. अँग्युलर वापरणाऱ्यांना हीच सोय टेस्टबेडच्या प्रोव्हायडर यादीत मिळते.